परीक्षा कुणाची? : मधुमेहाच्या ॲपची वापरसुलभता

(द्वितीय वर्ष, कला)

प्रास्ताविक

आषाढी एकादशीची दुपार. आईने बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटरच्या पट्टीवर रक्ताचा थेंब लावला आणि आलेला आकडा वाचला : २४६. मग तिने मोबाईल घेतला. मधुमेहाच्या नोंदी ठेवण्याचे एक ॲप मीच तिला त्यावर घालून दिले होते. त्यात आकडा लिहिला की ॲप विचारते, हे मोजमाप कधीचे? खाली चार बटणे येतात : उपवास, जेवणाआधी, जेवणानंतर, झोपताना. आईचा एकादशीचा उपवास होता. तासाभरापूर्वी तिने साबुदाण्याची खिचडी आणि एक केळे खाल्ले होते. तिने क्षणाचाही विचार न करता 'उपवास' हे बटण दाबले.

पुढे चतुर्थी आली, श्रावणी सोमवार आले. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही. साबुदाणा, भगर, बटाटा, रताळे या साऱ्या पिष्टमय पदार्थांनी रक्तातील साखर झपाट्याने वाढते. त्या प्रत्येक दिवशी आईने इमानेइतबारे 'उपवास' दाबले.

भाद्रपदात आम्ही डॉक्टरांकडे गेलो. ॲपने डॉक्टरांसाठी तयार केलेला तक्ता इंग्रजीत होता. त्यात आईचे सगळे उपवास 'फास्टिंग' या रकान्यात जाऊन बसले होते. वैद्यकात फास्टिंग म्हणजे रात्रभर, निदान आठ तास, पाण्याशिवाय काही न घेता सकाळी केलेले मोजमाप. ते सतत वाढलेले असेल, तर रात्रीचे इन्सुलिन वाढवण्याचा विचार डॉक्टर करतात, आणि आमच्या डॉक्टरांनीही तोच केला. त्यांनी पेन उचलले होते. सहज त्यांनी विचारले, "सकाळी उठल्या उठल्याच एवढी असते का हो?" आई म्हणाली, "नाही डॉक्टर, सकाळी असते एकशे वीस-तीस. ही खिचडी खाल्ल्यावरची." डॉक्टरांनी पेन खाली ठेवले आणि उपवासाबद्दल आईची चांगलीच कानउघाडणी केली. मात्र तो एक प्रश्न त्यांनी विचारला नसता, तर वाढवलेल्या इन्सुलिनमुळे आईची साखर मध्यरात्री झोपेत धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकली असती.

परत येताना कळव्याच्या पुलावर आई म्हणाली, "माझंच चुकलं गं. आम्हाला कुठलं कळतंय यातलं!" या वाक्याने मी अस्वस्थ झाले. आईचे काय चुकले होते? तिचा उपवास होता. तिने उपवास लिहिला. मग चुकले कुणाचे? प्रस्तुत लेख म्हणजे या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक छोटासा प्रयत्न आहे.

वापरसुलभता म्हणजे काय?

या विषयाला इंग्रजीत 'युजेबिलिटी' म्हणतात. मी येथे 'वापरसुलभता' हा शब्द योजते. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या आयएसओ ९२४१ या मानकाच्या ११ व्या भागात (१९९८; सुधारित आवृत्ती २०१८) तिची व्याख्या केली आहे. तिचा सारांश असा : ठरावीक माणसांना, ठरावीक परिस्थितीत, ठरावीक कामे एखाद्या साधनाने कितपत परिणामकारकतेने, किती कमी श्रमात आणि किती समाधानाने करता येतात, ते मोजणे म्हणजे वापरसुलभता मोजणे.

या व्याख्येतील 'ठरावीक' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. एखादे ॲप सोपे आहे की अवघड, हे नुसते सांगता येत नाही. कुणासाठी सोपे, कुठे आणि कशासाठी, हे आधी सांगावे लागते. काचेच्या थंड खोलीत बसलेल्या अभियंत्याला जे सोपे, ते पारसिकच्या उतारावरील चाळीत, पाणी येण्याच्या वेळेला, ओल्या हाताने मोबाईल धरणाऱ्या बाईला सोपे असेलच असे नाही.

दुसरी एक गोष्ट मला वाचनात सापडली व ती फार मोलाची वाटली. वैद्यकीय उपकरणांच्या वापरसुलभतेसाठी आयईसी ६२३६६ हे वेगळे मानक २००७ साली आले. त्यात 'युजर एरर' म्हणजे वापरणाऱ्याची चूक असे न म्हणता 'यूज एरर' म्हणजे वापरातील चूक असा शब्दप्रयोग आहे. एका अक्षराचा फरक, पण दोष कुणाच्या माथी मारायचा याची सारी दिशाच त्याने बदलते. वापरताना चूक झाली, तर ती का झाली हे साधनात शोधायचे. आईच्या "माझंच चुकलं" या वाक्याला हे उत्तर होते.

प्रश्न एका घराचा नाही

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख प्रौढांना मधुमेह आहे; हे प्रमाण ११.४ टक्के भरते. आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. या रोगात रोजचे वैद्य आपण स्वतःच असतो. डॉक्टर दोन-तीन महिन्यांतून दहा मिनिटे भेटतात. उरलेल्या दिवसांत काय खावे, गोळी घेतली की नाही, साखर किती आली, हे सर्व रोग्याने पाहायचे असते. म्हणूनच त्याला मदत करणारी ॲप निघाली. भारतातही २०२० च्या अधिसूचनेनंतर वैद्यकीय उपकरणाच्या कायदेशीर व्याख्येत सॉफ्टवेअरचा समावेश झाला आहे. म्हणजे पडद्यावरील शब्द हाही औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठीइतकाच गंभीर मानला पाहिजे.

साधनातील बारीकशा गोष्टीने काय होते, याची दोन उदाहरणे देते. रक्तातील साखर मोजण्याची दोन एकके जगात चालतात. आपल्याकडे आणि अमेरिकेत मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, तर इंग्लंड, कॅनडा आदी देशांत मिलिमोल प्रति लिटर. दुसऱ्याला १८ ने गुणले की पहिले मिळते. २००५ साली अमेरिकेत काही ग्लुकोमीटरविषयी सरकारी इशारा काढावा लागला. घड्याळ लावताना किंवा मीटर हातातून पडल्यास त्याचे एकक नकळत बदलत होते. आता ११.१ हा आकडा दशांशचिन्ह न पाहता वाचला तर माणूस म्हणेल, एकशे अकरा, उत्तम! वस्तुतः ती साखर २०० असते.

दुसरे उदाहरण आपल्या घरातले. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या दोन तऱ्हेच्या मिळतात : एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या आणि १०० युनिट असलेल्या. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या. ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. शंभरच्या कुपीतले औषध चाळीसच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले तर अंगात २० नव्हे, ५० युनिट जातात, म्हणजे अडीच पट! लाल आणि नारिंगी हे रंग चाळीतील मिणमिणत्या दिव्याखाली किती वेगळे दिसतात, हे वाचकांनी एकदा स्वतःच पाहावे.

तपासणीची पद्धत

मानसशास्त्र हा माझ्या अभ्यासाचा एक विषय आहे. सरांना मी हा प्रसंग सांगितला, तेव्हा ते म्हणाले, "मग तपासून पाहा ना!" जेकब निल्सन या अभ्यासकाने असे दाखवले आहे की, एका चाचणीत एखादी अडचण आढळण्याची सरासरी शक्यता ३१ टक्के धरली, तर अवघ्या पाच माणसांत सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात. (गणित सोपे आहे : ०.६९ चा पाचवा घात १ मधून वजा करावा.) अर्थात पाच माणसांवरून टक्केवारी काढून साऱ्या समाजाबद्दल बोलता येत नाही, आणि वेगळ्या प्रकारच्या माणसांसाठी वेगळे पाच जण घ्यावे लागतात. मला फक्त अडचणी शोधायच्या होत्या. त्यासाठी पाच जण पुरेसे होते.

ते पाच जण असे : चौथीपर्यंत शिकलेली माझी आई, शाळेचे तोंड न पाहिलेल्या, पण आकडे ओळखणाऱ्या शेजारच्या काकू, कंपनीतून निवृत्त झालेले शेवटच्या खोलीतील काका, विटाव्याला शिवणकाम करणारी, दहावी झालेली आत्या, आणि खारेगावचे रिक्षा चालवणारे मामा. पाचही जणांना मधुमेह आहे.

मी त्यांना सहा कामे दिली. सकाळच्या उपाशीपोटीच्या साखरेची नोंद करणे. चुकलेली नोंद दुरुस्त करणे. जेवणाची नोंद करणे. औषधाची आठवण लावणे. गेल्या आठवड्यातील सर्वांत जास्त साखर शोधणे. आणि साखर ६२ आली तर ॲप काय सांगते ते पाहून मला सांगणे. आकडे चिठ्ठ्यांवर लिहून दिले होते. कुणाचेही खरे आकडे घेतले नाहीत, कारण आपला रोग चारचौघांत उघडा करायला कुणाला आवडत नाही. मोबाईल माझाच वापरला.

काम करता करता मनात येईल ते मोठ्याने बोलायचे, असे मी सर्वांना सांगितले. ही पद्धत मानसशास्त्रातूनच आली आहे. अँडर्स एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन यांनी १९८० साली माणसाचे बोलते विचार हा संशोधनाचा पुरावा कसा ठरू शकतो याची मांडणी केली, आणि १९८२ च्या सुमारास क्लेटन लुईस यांनी आयबीएम कंपनीत ती पद्धत संगणकाच्या तपासणीला लावली. आमच्या चाळीत ही पद्धत फार चांगली चालते; मोठ्याने बोलण्याची आम्हाला सवयच आहे.

नियम मी स्वतःसाठी केला होता. मदत करायची नाही, बोट दाखवायचे नाही, फक्त लिहून घ्यायचे. हा नियम पाळणे सर्वांत अवघड गेले. समोर आई अडली आहे आणि आपण वही घेऊन गप्प बसलो आहोत, ही गोष्ट सोपी नाही. प्रत्येकाला आधी सांगितले होते की परीक्षा तुमची नाही, ॲपची आहे. तरीही काकूंनी पदराने घाम पुसला आणि पहिल्याच कामाला विचारले, "नापास झाले तर गं?"

निरीक्षणे

(१) उपवास आणि उपाशीपोटी : 'सकाळी उठल्यावर, काही न खाता' अशी चिठ्ठी मी दिली होती. काकू बटणे वाचता येत नसल्याने आईच्या तोंडून ऐकत होत्या. 'उपवास' ऐकल्यावर म्हणाल्या, "आज कुठे सोमवार आहे?" आणि त्यांनी 'जेवणाआधी' निवडले. काका व आत्या यांनीही तेच केले. नाश्त्याच्या आधी म्हणजे जेवणाआधीच, हा त्यांचा तर्क चुकीचा म्हणता येणार नाही. आई डॉक्टरांच्या प्रसंगामुळे बिचकली आणि बराच वेळ एकही बटण दाबेना. फक्त रिक्षावाल्या मामांनी 'उपवास' दाबले, कारण लॅबमधल्या कागदावर फास्टिंग लिहिलेले त्यांनी पाहिले होते. म्हणजे जो मनातल्या मनात इंग्रजीत परत गेला, तोच बरोबर आला!

मराठीत या गोष्टीसाठी शब्द नाही असे थोडेच आहे? उपाशीपोटी, अनशापोटी, रिकाम्या पोटी हे शब्द घरोघर बोलले जातात. भाषांतर करणाऱ्याने कोशातून 'फास्टिंग'चा पहिला अर्थ उचलला. तो अर्थ खोटा नव्हता. पण आपल्याकडे उपवास हा खाण्याचाही एक प्रकार आहे, हे कोशात लिहिलेले नसते.

(२) 'कमी' म्हणजे चांगले : हे निरीक्षण मला सर्वांत धोक्याचे वाटते. ६२ हा आकडा भरल्यावर पडद्यावर अक्षरे आली : 'तुमची शुगर कमी आहे.' काकूंचा चेहरा उजळला. "बघ, आली की नाही कमी!" आत्याही म्हणाली, "छान." काका म्हणाले, "मग आजची गोळी बरी लागू पडली." वर्षानुवर्षे डॉक्टर, शेजारी, घरचे सगळे सांगत आले आहेत की शुगर कमी करा. त्या माणसाला 'कमी' हा शब्द शाबासकीसारखा ऐकू येतो. प्रत्यक्षात ७० च्या खाली साखर जाणे हे संकट आहे, आणि ५४ च्या खाली तर फारच गंभीर. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर ताबडतोब सुमारे १५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन चमचे, पाण्यातून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचे, हा सर्वमान्य उपाय आहे. ॲपमध्येही तो होता. पण 'अधिक जाणून घ्या' या बटणामागे, दोन पाने पलीकडे, इंग्रजीत. हात थरथरत असताना आणि डोळ्यांपुढे अंधारी येत असताना कोण अधिक जाणून घेणार?

(३) आकड्यांचा घोळ : आकडा भरायला ॲपमध्ये बोटाने फिरवायचे चाक होते. भांडी घासून भेगाळलेल्या बोटाला ते नीट जुमानत नव्हते. काकूंना १८६ लावायचे होते, चाक १६८ वर थांबले आणि त्या समाधानाने पुढे गेल्या. शिवाय इंग्रजी नऊचा आकडा आपल्या मराठी एकसारखा दिसतो. मराठी आकडेच गिरवलेल्या काकांनी इंग्रजी आकड्यांत १९० वाचताना तीनदा चष्मा पुसला.

एक चूक मात्र माझी आहे आणि ती लपवणे योग्य होणार नाही. काकांनी मला एक आकडा तोंडी सांगितला : "एकशे एकोणनव्वद." मी 'नव्वद' ऐकले आणि १९९ लिहिले! २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यावाचनाची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला होता. त्या वादात कोण बरोबर हे ठरवण्याचा माझा अधिकार नाही. पण एकाच चाळीत एकजण एकोणनव्वद म्हणतो आणि दुसरीला ते इंग्रजी आकड्यांत उमटवताना अडखळायला होते, हे ॲप बनवणाऱ्यांना माहीत असायला हवे. आवाजाने नोंद घ्यायची असेल, तर सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे, अडीचशे हेही कळले पाहिजेत.

(४) खाडाखोड : चुकलेली नोंद एकालाही दुरुस्त करता आली नाही. दुरुस्तीसाठी पेन्सिलीचे लहानसे चित्र होते. आत्याने शेजारचे कचऱ्याच्या डब्याचे चित्र दाबले आणि नोंद पुसली गेली. काका म्हणाले, "वहीत एक रेघ मारली की झालं. आणि आधी काय लिहिलं होतं तेही दिसतं." मला वाटते, हा शेरा कोणत्याही तज्ज्ञाला शोभला असता.

(५) भाकरीचे वजन : जेवणाच्या यादीत रोटी, पास्ता, सँडविच होते, भाकरी नव्हती. प्रमाण ग्रॅममध्ये विचारले होते. आई म्हणाली, "भाकरी तोलून कोण खातं?" आमच्याकडे मोजमाप वाटी, पळी, चतकोर आणि अर्धी यांत चालते.

(६) मोबाईल कुणाचा? : औषधाची आठवण दोघांना लावता आली. पण काकूंचा प्रश्न वेगळाच होता. घरातला चांगला मोबाईल मुलाकडे असतो आणि रात्री इन्सुलिनच्या वेळी मुलगा कामावर असतो. गजर त्याच्या खिशात वाजणार! एका माणसाचा एक मोबाईल, हे ॲपने गृहीत धरले होते.

पाचव्या कामात, म्हणजे सर्वांत जास्त साखर शोधण्यात, आलेखावरचा लाल ठिपका पाहून चौघांना उत्तर मिळाले. ॲपचे हे श्रेय द्यायला हवे. मात्र तो लाल रंग पाहिल्यावर आई म्हणाली, "हे असं दिसतं म्हणून मी कधी कधी मोजतच नाही." तेव्हा साखर वाढलेल्या माणसाला रागे भरणारा पडदा त्याला मोजण्यापासून दूर नेऊ शकतो, हेही ध्यानात आले.

तोंडचे गुण आणि हातचे गुण

समाधान मोजण्यासाठी जॉन ब्रूक यांनी १९८६ साली तयार केलेली दहा विधानांची एक श्रेणी जगभर वापरतात. एक विधान ॲपच्या बाजूचे, पुढचे विरुद्ध, अशी ती रचना असते. प्रत्येकाला १ ते ५ गुण देऊन शेवटी ० ते १०० असा आकडा काढतात. साधारण ६८ ही सरासरी मानतात. मी ती विधाने मराठीत वाचून दाखवली. काकूंनी दहाही विधानांना "हो, अगदी" म्हटले. 'हे वापरायला सोपे आहे' यालाही हो, आणि 'हे विनाकारण गुंतागुंतीचे आहे' यालाही हो! नियमाने हिशेब केला तर अशा माणसाचे बरोबर ५० गुण होतात. चार कामे अडलेल्या आत्याने तर भरभरून गुण दिले. कारण विचारले तर म्हणाली, "तू एवढं करतेयस, नावं कशाला ठेवायची?"

आपल्याकडे पाहुण्याने केलेल्या भाजीला कुणी अळणी म्हणत नाही. त्यामुळे अशा तपासणीत तोंडच्या गुणांपेक्षा हातचे गुण खरे मानावेत, असे माझे मत झाले. काम झाले की नाही, कुठे बोट थांबले, कुठे उसासा टाकला, हे पाहावे.

कागदी पडद्याचा प्रयोग

दोष दाखवणे सोपे असते. म्हणून मी पुढची पायरी करून पाहिली. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर मोबाईलएवढे पडदे काढले. 'उपवास' ऐवजी 'सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी' असे लिहून शेजारी उगवत्या सूर्याचे चित्र काढले. 'कमी' ऐवजी 'धोका! साखर फार उतरली' असे लिहिले. पेन्सिलीच्या चित्राखाली 'चूक सुधारा' असे शब्द घातले. त्याच पाच जणांना पुन्हा बसवले.

पहिले काम पाचही जणांनी केले. 'चूक सुधारा' चौघांना जमले. धोक्याचा पडदा पाहून सगळे सावध झाले, पण पुढे काय करायचे ते तिघांना सांगता येईना. म्हणून मी त्याखाली 'आत्ताच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, घरातल्या कुणाला हाक मारा' एवढे वाक्य जोडले. मग प्रश्न उरला नाही. अर्थात तेच पाच जण दुसऱ्यांदा बसल्यामुळे काही सुधारणा सरावाचीही असणार, हे मान्य केले पाहिजे. खरी कसोटी नव्या पाच जणांवर होईल.

असे काम आपल्या जवळपास मोठ्या प्रमाणावर झालेले आहे. पवईच्या आयआयटीतील आयडीसी या अभिकल्प विभागात प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्वरचक्र' हा कळफलक २०१३ साली आणला. अक्षर दाबले की त्याची बाराखडी भोवती चक्रासारखी उमटते. मराठी शाळेत बाराखडी शिकलेल्याला वेगळे काही शिकावे लागत नाही. एचआयव्हीग्रस्त रुग्णांना साध्या फोनवर, बोलत्या आवाजात औषधाची आठवण आणि माहिती देणारी एक यंत्रणाही त्यांनी तपासून पाहिली. तिच्यावरील निबंध २०१४ साली प्रसिद्ध झाला. वाचता न येणाऱ्या आमच्या काकूंसाठी उत्तर बहुधा याच वाटेने येईल.

समारोप

ॲपच्या कंपनीला मी 'उपवास' या शब्दाबद्दल मराठीत आणि इंग्रजीत पत्र पाठवले आहे. पोच आली आहे. शब्द अजून तोच आहे. तोवर आईने पुन्हा वही सुरू केली आहे. तीत दोन रकाने आहेत : 'उठल्यावर' आणि 'जेवल्यावर'. उपवासाच्या दिवशी ती समासात तुळशीचे पान काढते.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आपणच पहिले महाविद्यालयात आलो आहोत. घरातला प्रत्येक फॉर्म, प्रत्येक नवे ॲप आपल्याकडे येते आणि आपण आई-वडिलांच्या हातातून मोबाईल घेऊन "तुला नाही कळणार, दे इकडे" असे म्हणत ते भरून टाकतो. मीही हेच करत आले. 'उपवास' हे बटण पहिल्या दिवशी मीच वाचले होते आणि मला त्यात काही खटकले नव्हते, कारण माझ्या डोक्यात त्यामागचा इंग्रजी शब्द होता. आईच्या डोक्यात एकादशी होती, आणि तिच्या रोगाच्या दृष्टीने तिचे डोके अधिक जाग्यावर होते. तिच्या शेजारी बसून ती काय म्हणते ते पहिल्याच दिवशी ऐकले असते, तर हा सारा प्रसंग टळला असता.

पुष्कळांना वाटते की हे अभियांत्रिकीच्या मुलांचे काम, कला शाखेचा येथे काय संबंध? पण या तपासणीत मला यंत्राचा दोष एकही सापडला नाही. ॲप बंद पडले नाही, आकडा हरवला नाही. जे दोष सापडले ते शब्दांचे, रीतिरिवाजांचे, मोजमापांचे, घरातल्या वाटणीचे. भाषा, मानसशास्त्र, समाजशास्त्र हेच तर आपण शिकतो. म्हणून माझी मित्र-मैत्रिणींना विनंती आहे की, घरात कुणाला मधुमेह असेल तर एका संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा. मोबाईल त्यांच्याच हातात राहू द्या आणि काय अडते ते लिहून घ्या. औषधाचा डोस मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही बदलू नका, मग ॲप काहीही सांगो.

तपासणी संपल्यावर काकूंनी पुन्हा विचारले, "मग पास की नापास?" मी त्यांना वही दाखवली आणि ॲपचे गुण वाचून दाखवले : सहापैकी अवघे एक काम नीट झाले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पेपर आम्ही तपासला तर!"